घरातले यंत्र आणि खरा आकडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषीला बोलवायचे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकायचे, असा आपला परिपाठ आहे. यंदा चिटणीसबाईंनी फर्मान काढले की, 'मोबाइल आणि आरोग्य' या विषयावर घरचेच कोणीतरी बोलेल, आणि ते पडले माझ्या गळ्यात. मी डॉक्टर नाही. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तेवढीच माझी विद्या. परंतु गेली काही वर्षे आमच्या घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे, साखर मोजण्याचे आहे, बोटाला लावायचा चिमटा आहे आणि या तिघांचे आकडे गिळणारा मोबाइल आहे. या चौघांबरोबर संसार करताना जे शिकले आणि माझ्या हातून त्यात जी एक मोठी चूक घडली, ती आज सांगणार आहे. चूक सांगायला तयार झाले म्हणूनच मला उभे केले असावे, असा माझा संशय आहे.

प्रथम एक गंमत सांगते. हे सारे कालपरवाचे आहे असे आपल्याला वाटते. पण हॉलंडमध्ये लायडेन या गावी आइन्थोव्हेन नावाचे एक प्राध्यापक होते. हृदयाचा आलेख काढण्याचे त्यांचे यंत्र इतके अवजड होते की, ते रुग्णालयात नेणे अशक्यच. मग १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले आणि तिथे आलेख काढला. म्हणजे रोगी एकीकडे आणि वैद्य दुसरीकडे, हा प्रकार आपल्या आज्यांच्या वेळचा आहे. फरक एवढाच की, तेव्हा ते प्राध्यापकांना साधले, आणि आता आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी घडते.

आमच्याकडे पहिला शिरला तो बोटाचा चिमटा. २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात आपल्यापैकी बहुतेकींनी तो घेतला असेल. त्याची मूळ कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७४ सालची. दुर्दैव असे की, साऱ्या जगाला त्या चिमट्याची गरज पडली त्याच सुमारास, २०२० च्या एप्रिलमध्ये, ते वारले. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की डॉक्टरांना कळवायचे, हे तेव्हा आपल्या पोराबाळांनाही पाठ झाले होते. पण बोटे गार पडली असतील, नखांना गडद रंग असेल, हात हलत असेल, तर चिमटा चुकतो. सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही पुढे अभ्यासांतून दिसून आले. म्हणून आकडा बरा आहे पण माणूस धापा टाकतो आहे, अशा वेळी माणसावर विश्वास ठेवायचा, चिमट्यावर नाही.

साखरेच्या यंत्राची एक हकीकत सांगून पुढे जाते. एकदा सकाळी उपाशीपोटी आमच्या यांची साखर निघाली २६०. मी घाबरून गेले. हे मात्र शांत. दोन मिनिटांनी मला दिसले की, डब्यातला कंदी पेढा मोडलेला आहे. 'खाल्ला नाही गं, नुसता हातात घेऊन पाहिला,' असे यांचे म्हणणे. साबणाने हात धुऊन, पुसून कोरडे करून दुसऱ्या बोटाची पुन्हा तपासली, ती १४२! पेढा खरोखरच पोटात गेला नव्हता, बोटाला होता. साताऱ्यात राहून मधुमेह सांभाळायचा म्हणजे हे असे. तेव्हा हात धुतल्याशिवाय बोट टोचू नका. टोचायचे ते टोकाला नाही, बोटाच्या कडेला, दुखते कमी. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत पाहा. आणि आकडा सत्तरच्या खाली असेल, घाम सुटला असेल, हात थरथरत असतील, तर मोबाइल शोधत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, मदत बोलवा.

आता मुख्य गोष्ट.

२०२२ च्या दिवाळीत आमची थोरली बेंगळुरूहून आली, ती दंडाला पट्टा बांधायचे बीपीचे मशीन घेऊनच. यांचा रक्तदाब जुना. डॉक्टरांनीही सांगितले की, दवाखान्यात तीन महिन्यांतून एकदा मोजण्यापेक्षा घरी मोजलेले बरे; घरच्या आकड्यांची सरासरी वरचा १३५ आणि खालचा ८५ यांच्या आत असली पाहिजे, वर राहिली तर गोळी वाढवू. मुलीने मोबाइलवर आमच्या तिघांचा एक गट केला. रोज सकाळी मी मोजायचे, गटावर आकडा टाकायचा, आणि महिनाअखेर तोच तक्ता डॉक्टरांना पाठवायचा. सगळे किती सोपे!

पहिला आठवडा उत्साहात गेला. मग एके दिवशी १५८ आला. पाच मिनिटांत बेंगळुरूहून फोन. 'आई, काल काय केलं होतंस जेवायला? लोणचं वाढलंस ना? मीठ कमी कर म्हणून किती वेळा सांगितलं?' मैत्रिणींनो, बोलणे मायेचेच होते. पण चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला सकाळी सात वाजता हे ऐकावे लागले की कसे वाटते, ते तुम्हांला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी १५५. पुन्हा फोन. माझ्या मनाने घेतले की, हा आकडा यांच्या रक्ताचा नाही, माझ्या स्वयंपाकाचा आहे. परीक्षा यांची आणि नापास होणार मी!

तिसऱ्या दिवशी मी तीनदा मोजले आणि तिन्हींतला सर्वांत लहान आकडा लिहिला. यात खोटे काय, तोही यंत्रानेच दाखवला होता! पुढच्या आठवड्यात १५६ च्या जागी १४६ लिहिला. आणि मग जानेवारीपर्यंत मी रोज मनानेच १३० ते १३८ मधला एक आकडा निवडून टाकू लागले. एखाद्या दिवशी मुद्दाम १४० टाकायचा, म्हणजे खरे वाटेल. मुलीचे उत्तर यायचे, 'शाब्बास आई!' त्या शाब्बासकीची चटक लागते हो.

फेब्रुवारीत आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मोजला, तो १६४ भरला. त्यांनी मोबाइलवरचा तक्ता पाहिला आणि म्हणाले, 'घरी तर छान आहे. काही जणांचा इथे आल्यावरच वाढतो, डॉक्टरचा पांढरा कोट पाहून. घरचे आकडे धरायचे. गोळी आहे तीच चालू ठेवा.' मी शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. एक शब्द बोलायचा होता. तो मी बोलले नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी चहा घेताना यांच्या उजव्या हातातला कप सुटला. 'काय झाले?' म्हणून विचारले तर जे बोलले ते मला कळेना. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. आणि मी काय केले असेल? धावत जाऊन मशीन आणले! पट्टा बसेना, हात धरवेना, यंत्र चूक दाखवी, मी पुन्हा बटण दाबी. अशी दहा मिनिटे मी घालवली. शेजारचे जोशीबुवा कप फुटल्याचा आवाज ऐकून आले, त्यांनी पट्टा माझ्या हातातून काढून घेतला आणि १०८ ला फोन लावला. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एकही दिसले तर मोजायचे काही नसते. रुग्णालय गाठायचे असते. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे झाले तर ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यात तपासणीचाही वेळ जातो.

आमचे नशीब थोर. रुग्णालयात पोचेपर्यंत यांची जीभ सरळ झाली, दुपारपर्यंत हातात ताकद आली. छोटा झटका होता, मोठ्याची सूचना देऊन गेला. संध्याकाळी आमचे डॉक्टर भेटायला आले. मशीन माझ्या पिशवीतच होते. सकाळी गोंधळात टाकले होते. त्यांनी सहज हातात घेतले आणि त्यावरचे आठवणीचे बटण दाबले. मला ठाऊकच नव्हते की ते यंत्र आकडे साठवते! १६१, १५८, १६६, १५९... डॉक्टर एकेक आकडा पाहत होते, दुसऱ्या हातात माझा तक्ता होता, आणि मी भिंतीकडे पाहत होते.

ते रागावले नाहीत. माझ्याच शाळेचा विद्यार्थी, रागावणार कसा? एवढेच म्हणाले, 'काकू, आकडा वाईट आला तर काम माझं होतं, तुमचं नव्हतं.'

रात्री यांना सगळे सांगितले. वाटले होते, संतापतील. डोळे मिटून पडून राहिले, मग म्हणाले, 'मला माहीत होतं. पट्टा माझ्याच दंडाला होता ना? आकडा मला दिसत नव्हता होय? आणखी एक गोळी नको होती मला.' म्हणजे दोघेही एकाच चोरीतले! मुलीला सांगायला मात्र मला पुढे दोन महिने लागले. ती फोनवर बराच वेळ गप्प होती. नंतर कधीही तिने मला मिठाबद्दल विचारले नाही, आणि खरे सांगू, आता त्याचीही मला चुटपुट लागते. मीठ खरेच जास्त होते. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, याहून कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी लोणचे, पापड आणि सांडगी मिरची यांतूनच ते संपत असेल.

यानंतर मी थोडे वाचले. घरी मोजलेल्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषध ठरवले, तर रक्तदाब अधिक आटोक्यात राहतो, असे ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पण नुसते मोजून आणि वहीत लिहून फारसे काही होत नाही. आकडा कोणाकडे तरी पोचावा लागतो, आणि त्याने त्यावर काही करावे लागते. आमच्या घरी आकडा पोचत होता, पण खोटा; म्हणजे न मोजण्यापेक्षाही वाईट. न मोजता गेलो असतो तर डॉक्टरांनी त्यांच्या १६४ वर विश्वास ठेवला असता.

मोजायचे कसे, तेही पाहा. मी सुरुवातीला यांना बाजारातून आल्या-आल्या बसवून पट्टा बांधीत असे, आणि शेजारी बसून भाजीचे भाव विचारीत असे! आधी लघवीला जाऊन यावे. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड टेबलावर, हृदयाच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर; पोलक्याच्या घट्ट बाहीवर नाही आणि बाही वर गुंडाळून फास लावूनही नाही. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, दोन्ही लिहावे. आणि या वेळात कोणी बोलायचे नाही. आमच्या घरी हा शेवटचा नियम सर्वांत अवघड गेला.

आता आमच्याकडे नवीन मशीन आहे, ते आकडा आपणच मोबाइलला कळवते. माझ्या हाताला मध्ये काम नाही. हे आधी यांना मुळीच पसंत नव्हते. 'मी काय कैदी आहे, रोज हजेरी लावायला?' असे म्हणाले, आणि मला ते चुकीचे वाटत नाही. रोग त्यांचा, दंड त्यांचा; मग तो कोणी पाहायचा हेही त्यांनीच ठरवायला हवे. शेवटी तह झाला: आकडे डॉक्टरांकडे जातील, मुलीला आठवड्यातून एकदाच दिसतील, आणि जेवणाच्या वेळी त्यावर कोणी बोलणार नाही. पोराबाळांनी दूरच्या गावाहून आईबापांवर नजर ठेवणे आणि त्यांची काळजी घेणे, यांत अंतर आहे. ते घराघराने ठरवावे. औषध वाढवले आहे, गेले वर्षभर सरासरी १३० च्या आसपास आहे. आणि हा आकडा खरा आहे.

यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही, याचे एक उदाहरण मला फार आवडते. क्षयरोगाच्या सरकारी उपचारांत एक युक्ती काढली होती. गोळी पाकिटातून बाहेर काढली की तिच्याखाली एक फोन नंबर दिसायचा. रोग्याने त्यावर नुसता मिस्ड कॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत, आणि तिकडे नोंद व्हायची की आज गोळी घेतली. किती साधी, स्वस्त कल्पना! पण फोनला एवढेच कळते की पाकीट उघडले आणि नंबर फिरवला. गोळी तोंडात गेली की खिडकीबाहेर, हे त्याला कळणार नाही. माझ्यासारखी बाई तिथेही पास झाली असती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गावाबाहेरच्या वस्तीवर राहतात. उच्च रक्तदाबाचा सरकारी कार्यक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा आपल्या राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपला सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. मावशींना आरोग्य केंद्रातून एक कार्ड मिळाले, त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. नर्सबाई तो मोबाइलने टिपते, की मागचे सगळे आकडे आणि गोळ्या तिच्यापुढे उघडतात. तारीख चुकवणाऱ्यांची यादीही तिला दिसते. मागच्या सुगीत मावशी दोन महिने फिरकल्या नाहीत, तर फोन आला. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, 'वैनी, काल फोन आला व्हता. तुम्ही का आला न्हाई, बऱ्या हाव न्हवं, असं इचारलं. माझ्या तब्येतीची चौकशी कराया साठ वर्षांत पहिला फोन!' आणि भांडी तशीच टाकून त्या गोळ्या आणायला गेल्या. माझी भांडी मी घासली, पण तक्रार केली नाही.

मावशींच्या त्या बोलण्यावरून मला एक गोष्ट सुचली, ती वर्षभर सुचली नव्हती. रोज मी तो पट्टा यांच्या दंडाला बांधत होते. माझ्या दंडाला एकदाही बांधला नव्हता! त्या दुपारी मी एकटीच पाच मिनिटे बसले आणि मोजला: १५२ आणि ९४. वाटले, भांडी घासून दमले असेन. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेवढाच. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काहीही नव्हते. या दुखण्याचा स्वभावच असा मुका आहे. आता मीही एक गोळी घेते, आणि मुलीच्या आठवड्याच्या तक्त्यात माझेही नाव आहे. ते पाहून मात्र तिचा फोन त्याच दिवशी आला आणि आम्ही दोघी बराच वेळ बोललो, मिठाबद्दल नाही.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी यंत्र पिशवीतून आणले होते, ते तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. 'पूर्वी कधी मोजला होता?' म्हणून विचारले तेव्हा हात थोडेच वर झाले, आणि त्यांतले बरेचसे 'बाळंतपणात' असे म्हणाले. कोणाची बाळंतपणे वीस वर्षांपूर्वीची, कोणाची चाळीस. दोघीजणींना तर मी तिथूनच डॉक्टरांकडे जायला लावले. त्यांची नावे सांगत नाही. त्या इथेच बसल्या आहेत, आणि बऱ्या आहेत.

तेव्हा कार्यकारिणीने यंदा ठरवले आहे की, वाणाच्या वाट्यांचे पैसे वाचवून मंडळासाठी एक यंत्र घ्यायचे, लहान आणि मोठ्या अशा दोन पट्ट्यांसह. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी आणि आपल्या दोघी सभासद हॉलच्या मागच्या खोलीत बसू. वहीत प्रत्येकीचे एक पान राहील, ते दुसरीला दाखवले जाणार नाही, आणि मोबाइलवर पाठवायचे की नाही ते जिचे तिने ठरवायचे. सैल बाहीचे पोलके घालून या. मोरीवर जाऊन या. मोजताना बोलू नका. आणि आकडा विचारून शेजारणीशी तुलना करू नका, ती हळदीकुंकवाची पैठणी नाही. घरून चहा घेऊन येऊ नका. तो मोजून झाल्यावर इथेच मिळेल, साखर किती घालायची ते जिने तिने सांगावे.